लष्करी दफ्तराची दुरुस्ती : अमेरिकेतील माजी सैनिकांचे पदकविषयक अर्ज आणि पुराव्याचा प्रश्न

१

सैनिकाने प्रत्यक्ष बजावलेली सेवा आणि त्या सेवेची सरकारी दफ्तरात झालेली नोंद या दोन भिन्न गोष्टी होत. सामान्यतः त्या परस्परांशी जुळतात, म्हणून त्यांतील भेद जाणवत नाही. पण एखादा माजी सैनिक वीस, तीस किंवा पन्नास वर्षांनंतर अर्ज करून म्हणतो की, आपण अमुक मोहिमेत होतो, अमुक ठिकाणी आपणास जखम झाली, परंतु आपल्या सेवामुक्तिपत्रावर त्याबद्दलच्या पदकाचा उल्लेख नाही, सबब दफ्तर दुरुस्त व्हावे. तेव्हा हा भेद एकदम उघडा पडतो. अशा अर्जांची चौकशी करणारी मंडळे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९४६ च्या कायद्याने अस्तित्वात आली. प्रशासनाचा एक किरकोळ भाग म्हणूनच त्यांच्याकडे प्रायः पाहिले जाते. वस्तुतः दफ्तराच्या मौनाचा अर्थ काय करावयाचा, हा जो प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकापुढे नित्य उभा असतो, तोच या मंडळांपुढे निवाड्याच्या रूपाने येतो. या मौनाचा अर्थ सर्व अर्जदारांच्या बाबतीत एकाच रीतीने लावला जात नाही, आणि ज्यांची नोंद करण्यातच मुळात अन्याय झाला त्यांच्यावरच पुराव्याचा सर्वांत जड भार पडतो, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

१९४६ पूर्वी लष्करी दफ्तरातील चूक सुधारून घेण्याचा सैनिकाला उपलब्ध असलेला मुख्य मार्ग म्हणजे काँग्रेसमधील एखाद्या सभासदाकरवी स्वतःपुरते खाजगी विधेयक मांडून घेणे हा होय. म्हणजे एका माणसाच्या एका नोंदीसाठी राष्ट्राच्या विधिमंडळाने कायदा करावयाचा. ज्याला वशिला व चिकाटी असेल त्याला हा मार्ग काही अंशी खुला होता. इतरांना तो बंदच होता.

हेन्री फ्लिपर याचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. वेस्ट पॉइंट येथील सैनिकी विद्यालयातून १८७७ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेला हा पहिला कृष्णवर्णीय अधिकारी. १८८१ मध्ये त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला झाला. अपहाराच्या आरोपातून तो निर्दोष सुटला. परंतु अधिकाऱ्याला न शोभणारे वर्तन केल्याबद्दल त्याला दोषी ठरवून १८८२ मध्ये बडतर्फ करण्यात आले. आपले नाव निष्कलंक व्हावे म्हणून त्याने १८९८ पासून काँग्रेसपुढे विधेयके आणविली. त्यांपैकी एकही मंजूर झाले नाही आणि १९४० मध्ये तो निधन पावला. १९७६ मध्ये भूसेनेच्या दुरुस्ती मंडळाने त्याच्या प्रकरणाचा विचार केला. दोषसिद्धी रद्द करण्याचा अधिकार मंडळाला नव्हता. पण शिक्षा प्रमाणाबाहेर कठोर होती असे ठरवून त्याची बडतर्फी ३० जून १८८२ या मूळ तारखेपासूनच सन्मान्य सेवामुक्तीत बदलण्यात आली. राष्ट्राध्यक्षांकडून पूर्ण क्षमादान मिळण्यास १९९९ साल उजाडावे लागले.

पदकांच्या नोंदींचा गोंधळ तर याहून जुना आहे. मेडल ऑफ ऑनर हे शौर्यपदक यादवी युद्धाच्या काळात, भूसेनेपुरते १८६२ मध्ये, सुरू झाले. त्या वेळी ते देण्याचे निकष सैल होते. मेन संस्थानच्या २७ व्या पलटणीची मुदत जून १८६३ अखेर संपत होती. गेटिस्बर्गच्या संग्रामाच्या त्या दिवसांत राजधानीच्या रक्षणासाठी थांबण्यास सुमारे ३०० सैनिक तयार झाले; बाकीचे घरी परतले. थांबणारांना पदक द्यावयाचे ठरले. पण नेमके कोण थांबले याची विश्वसनीय यादी हाताशी नसल्याने सबंध पलटणीच्या नावाने ८६४ पदके तयार झाली. म्हणजे दफ्तरातील उणिवेमुळे हक्कदाराचे पदक बुडते तसेच हक्क नसलेल्याच्या नावावर ते चढतेही. पुढे १९१६ च्या कायद्यान्वये निवृत्त सेनापतींचे एक मंडळ नेमून सर्व जुन्या पदकांची छाननी करण्यात आली आणि १९१७ मध्ये ९११ नावे यादीतून कमी झाली. त्यांत या ८६४ जणांचा समावेश होता.

परंतु याच छाननीत मेरी एडवर्ड्स वॉकर हिचेही नाव गेले. ही वैद्यकीय पदवीधर स्त्री यादवी युद्धात शस्त्रवैद्य म्हणून आघाडीवर होती. एप्रिल १८६४ मध्ये ती शत्रूच्या हाती सापडली आणि काही महिने रिचमंड येथे कैदेत राहिली. १८६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी तिला पदक दिले. छाननी मंडळाची अडचण तिच्या कर्तृत्वाविषयी नव्हती, तर तिच्या दर्जाविषयी होती. तिची नेमणूक कराराने झालेली असल्यामुळे ती सैन्याची अधिकृत घटक ठरत नव्हती. स्त्री असल्यामुळे तिला अधिकारपद मिळाले नव्हते, आणि अधिकारपद नव्हते म्हणून पदक गेले. १९१९ मध्ये ती वारली. तिच्या नातलगांच्या प्रयत्नांनंतर दुरुस्ती मंडळाच्या शिफारशीवरून १९७७ मध्ये तिचे पदक पुन्हा नोंदले गेले. याच मंडळाच्या निर्णयाने १९८९ मध्ये विल्यम कोडी याच्यासह यादवी युद्धोत्तर काळातील पाच मुलकी वाटाड्यांचीही नावे परत यादीत आली.

३

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस खाजगी विधेयकांची पद्धत चालू ठेवणे अशक्य झाले. ऑगस्ट १९४६ मध्ये काँग्रेसने आपल्या कामकाजाची पुनर्रचना करणारा कायदा केला. त्याच्या एका कलमाने लष्करी दफ्तराच्या दुरुस्तीसाठी खाजगी विधेयक मांडण्यास मनाई केली, आणि दुसऱ्या कलमाने संबंधित खात्याच्या सचिवाला मुलकी अधिकाऱ्यांच्या मंडळामार्फत चूक सुधारण्याचा वा अन्याय दूर करण्याचा अधिकार दिला. चूक आणि अन्याय हे दोन शब्द येथे स्वतंत्रपणे योजलेले आहेत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. नोंद त्या वेळच्या नियमाप्रमाणे बरोबर असूनही ती अन्याय्य असू शकते, ही गोष्ट कायद्याने मान्य केली. मंडळात मुलकी माणसेच असावीत ही अटही अर्थपूर्ण होती. ज्या यंत्रणेने नोंद केली तिनेच तिचा न्याय करू नये, हा तिच्यामागील हेतू उघड आहे.

१९५१ च्या दुरुस्तीने, नोंद बदलल्यामुळे निघणारी रक्कम अर्जदाराला देण्याची तरतूद झाली. अर्ज चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांच्या आत करावा, असा नियम आहे. परंतु न्यायाच्या दृष्टीने इष्ट वाटल्यास मंडळ ही मुदत बाजूला ठेवू शकते. मंडळाचे निर्णय न्यायालयीन तपासणीच्या कक्षेबाहेर नाहीत, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये स्पष्ट केले.

या सर्व व्यवस्थेच्या तळाशी मात्र एक गृहीतक आहे. सरकारी अधिकाऱ्यांनी आपापली कामे रीतीप्रमाणे केली असे धरून चालावयाचे; दफ्तर चुकीचे आहे असे म्हणणाराने ते शाबीत करावयाचे. शाबितीची जबाबदारी अर्जदारावर आहे. हे गृहीतक अकारण नाही. मेनच्या पलटणीसारखी उदाहरणे पाहता केवळ मागणीवरून पदके नोंदली जाऊ लागली तर पदकांचा अर्थच नष्ट होईल. प्रश्न एवढाच की, ज्या दफ्तराच्या बाजूने हे गृहीतक आहे ते दफ्तर तयार कसे होत असे?

४

महायुद्धकाळातील अमेरिकन भूसेनेत सैनिकाविषयीची माहिती अनेक ठिकाणी विखुरलेली असे. प्रत्येक कंपनीकडून दररोज एक प्रातःकालीन अहवाल निघे. त्यात हजर असलेल्या सर्वांची नावे नसत. कोण नव्याने आला, कोण बदलून गेला, कोण रुग्णालयात दाखल झाला, कोण मेला, एवढे फेरबदलच त्यात असत. पदकांचे आदेश पलटणीच्या किंवा डिव्हिजनच्या कचेरीतून निघत. जखमांची नोंद वैद्यकीय पथकाकडे राही. या सर्वांचे सार अखेरीस सेवामुक्तीच्या वेळी एका छापील पत्रकावर उतरविले जाई. १९५० पासून या कामासाठी डी. डी. २१४ हे पत्रक रूढ झाले. त्यापूर्वी युद्धखात्याची निराळी पत्रके होती. सैनिकाच्या घरी पेटीत जपून ठेवलेला कागद तो हाच.

मे १९४५ मध्ये भूसेनेत ८० लाखांहून अधिक माणसे होती आणि त्यांतील बहुतेकांना पुढील वर्षभरात घरी पाठवावयाचे होते. सेवामुक्ती केंद्रांतील कारकुनाला समोरच्या सैनिकाची कागदपत्रे पाहून काही मिनिटांत पत्रक भरावे लागे. रुग्णालयातून परस्पर मायदेशी आलेल्या सैनिकाचे पलटणीतील कागद त्याच्यामागून येत, पुष्कळदा येतच नसत. अशा घाईत काही सुटून जाणे अपरिहार्य होते. शिवाय काही उणिवांत कारकुनाचा दोषही नव्हता. युद्धविजयाचे पदक जुलै १९४५ मध्ये आणि ताबाकाळातील सेवेचे पदक १९४६ मध्ये निर्माण झाले; त्यापूर्वी सेवामुक्त झालेल्यांच्या पत्रकावर ते येणार कसे? अनेक मोहिमांची पदके युद्धकाळात फितीच्या रूपानेच दिली गेली, धातूची पदके नंतर घडविली गेली. १९४७ मध्ये तर असे ठरले की, युद्धकाळात काँबॅट इन्फन्ट्रीमन बॅज किंवा वैद्यकीय पथकाचा तत्सम बिल्ला मिळविणारांना ब्राँझ स्टार पदकाचाही हक्क पोहोचतो. परंतु त्यासाठी सैनिकाने अर्ज करावयास हवा होता, आणि अर्ज करण्यासाठी ही गोष्ट त्याला ठाऊक असावयास हवी होती. घरी जाऊन शेतीला वा कारखान्याला लागलेल्या असंख्य माणसांना ती ठाऊक नव्हती.

पदकांच्या नोंदीला केवळ मानाचे मोल होते असेही नाही. मे १९४५ मध्ये जाहीर झालेल्या गुणपद्धतीप्रमाणे ८५ गुण भरलेल्या सैनिकास आधी घरी जाण्याचा हक्क मिळे. सेवेच्या प्रत्येक महिन्यास एक गुण, परदेशातील प्रत्येक महिन्यास आणखी एक, पहिल्या तीन अपत्यांपर्यंत प्रत्येकी बारा, आणि प्रत्येक पदकास वा मोहिमेच्या ताऱ्यास पाच. एक पर्पल हार्ट नोंदायचे राहिले तर पाच गुण कमी झाले, आणि पॅसिफिकमधील युद्ध चालू असताना पाच गुणांचा अर्थ काय होता ते निराळे सांगावयास नको.

५

हे विखुरलेले कागद पुढे सैनिकाच्या वैयक्तिक फायलीत एकत्र होत, आणि या फायली मिसूरी संस्थानात सेंट लुइस शहराजवळील ओव्हरलँड येथे राष्ट्रीय कर्मचारी दफ्तरखान्यात ठेवलेल्या होत्या. १२ जुलै १९७३ रोजी या इमारतीच्या सहाव्या मजल्याला आग लागली. ती पूर्ण विझण्यास चार दिवसांहून अधिक काळ लागला. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूसैनिकांच्या सुमारे ८० टक्के फायली, तसेच २५ सप्टेंबर १९४७ ते १ जानेवारी १९६४ या काळातील वायुदलाच्या, आडनावांच्या वर्णक्रमाने हबर्ड या नावापुढील, सुमारे ७५ टक्के फायली नष्ट झाल्या. एकंदर हानी १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायलींची होती. त्यांच्या नकला नव्हत्या, सूक्ष्मपटावरील छायाचित्रे नव्हती, कोणत्या फायली होत्या याची सूचीही नव्हती. राखेतून व पाण्यातून सुमारे ६५ लाख फायलींचे अवशेष बाहेर काढण्यात आले.

त्यानंतर दफ्तरखान्याने जे केले ते इतिहाससंशोधनाच्या पद्धतीचे एक मोठे प्रात्यक्षिकच म्हणावे लागेल. मूळ साधन नष्ट झाले तेव्हा दुय्यम साधनांवरून सेवेचा वृत्तान्त पुन्हा उभारण्याचे काम सुरू झाले. सेवामुक्तीच्या वेळची अंतिम वेतनपत्रके हिशेब खात्याकडे होती. भूसेनेचे प्रातःकालीन अहवाल होते. माजी सैनिकांच्या कल्याण खात्याकडील दाव्यांचे कागद होते. संस्थानांच्या कचेऱ्यांत सेवामुक्तिपत्रांच्या प्रती होत्या. १९८८ मध्ये सर्जन जनरलच्या कचेरीने सांख्यिकीच्या हेतूने तयार केलेल्या रुग्णालयप्रवेशाच्या नोंदी उपलब्ध झाल्या. त्यांत सर्व रुग्णांचा समावेश नाही, आणि त्यांतील व्यक्ती नावाने नव्हे तर सेवाक्रमांकाने ओळखावी लागते. तरीही कित्येकांच्या जखमेचा एवढाच पुरावा जगात शिल्लक होता. ज्या कामासाठी कागद लिहिला गेला त्याहून निराळ्याच प्रश्नाचे उत्तर तो देतो, हा अनुभव हिशेबाच्या वह्यांतून राज्यव्यवस्थेचा इतिहास शोधणाऱ्या कोणाही अभ्यासकास नवा नाही.

६

आता मंडळाच्या निवाड्यांकडे वळता येईल. पदकांचे दोन वर्ग करणे येथे आवश्यक आहे. मोहिमेची पदके, पर्पल हार्ट, गुड कंडक्ट मेडल यांसारखी पदके एखाद्या वस्तुस्थितीतून निघतात. ती वस्तुस्थिती शाबीत झाली की हक्क आपोआप येतो. शौर्याची पदके मात्र वरिष्ठाच्या शिफारशीवर व सेनापतीच्या विवेकावर अवलंबून असतात.

पहिल्या वर्गातील मोहिमेच्या पदकांचा प्रश्न सर्वांत सोपा. भूसेनेने १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीत कोणत्या पलटणीस कोणत्या मोहिमेचे श्रेय व कोणते सामुदायिक मानपत्र मिळाले ते दिले आहे. सैनिक त्या पलटणीत त्या तारखांना होता एवढे दिसले की दुरुस्ती होते.

गुड कंडक्ट मेडल जून १९४१ मध्ये सुरू झाले. सैनिकाची वर्तणूक चांगली असेल तर ठराविक सेवेनंतर ते मिळते. जेथे सेवेची मुदत पुरी झाली आहे, वर्तणुकीचे शेरे चांगले आहेत आणि वरिष्ठाने पदक नाकारल्याचा कोणताही कागद सापडत नाही, तेथे मंडळ सामान्यतः असे अनुमान करते की, ते देणे केवळ राहून गेले. येथे दफ्तराचे मौन अर्जदाराच्या बाजूने वाचले जाते.

पर्पल हार्टच्या बाबतीत नेमके उलट घडते. जखम शत्रूच्या कृतीने झालेली असावी, तिच्यावर वैद्यकीय उपचार झालेले असावेत आणि त्या उपचारांची अधिकृत नोंद असावी, अशा तीन अटी आहेत. अर्जदाराच्या अंगावर व्रण आहे, सोबत्याने प्रतिज्ञापत्र दिले आहे, घरी पाठविलेल्या पत्रात उल्लेख आहे. तरी उपचाराची नोंद नसेल तर अर्ज बहुधा फेटाळला जातो. आणि फाइल तर आगीत गेलेली. येथे तेच मौन अर्जदाराच्या विरुद्ध वाचले जाते. याचे कारण तर्कशास्त्रात नसून नियमाच्या रचनेत आहे. एका पदकात नाकारणाऱ्या कागदाची अपेक्षा आहे, दुसऱ्यात देणाऱ्या कागदाची. कागद नसणे ही घटना दोन्हीकडे एकच. निष्कर्ष मात्र परस्परविरुद्ध.

मराठी अभ्यासकांना बखर व अस्सल कागद यांच्या प्रामाण्याचा वाद परिचित आहे. समकालीन कागदाला स्मृतीवर आधारलेल्या वृत्तान्ताहून अधिक मान द्यावा, हा नियम योग्यच आहे. परंतु तो नियम दोन साधनांतील विरोध सोडविण्यासाठी आहे. कागद अस्तित्वातच नसेल तेव्हा त्याचा अभाव हा जणू एक विरोधी कागद आहे असे समजणे हा त्या नियमाचा विपर्यास होय.

७

या विपर्यासाचे गंभीर रूप दुसऱ्या वर्गातील पदकांत दिसते. दुसऱ्या महायुद्धात लाखो कृष्णवर्णीय सैनिकांनी सेवा केली. पण त्या युद्धासाठी चारशेहून अधिक मेडल ऑफ ऑनर दिली गेली असता त्यांतील एकही त्यांच्या वाट्याला आले नव्हते. दफ्तराच्या नियमिततेचे गृहीतक येथे लावले तर निष्कर्ष असा निघतो की, तशा पात्रतेचा एकही सैनिक त्यांच्यात नव्हता. शिफारस झाल्याचा कागद दाखवा, असे म्हटले की अर्जदाराची वाट खुंटते. कारण प्रश्न शिफारशी का झाल्या नाहीत, किंवा झालेल्या वर का पोहोचल्या नाहीत, हाच असतो.

पहिल्या महायुद्धातील फ्रेडी स्टॉवर्स याची गोष्ट या दृष्टीने तुलनेस घेण्यासारखी आहे. तो सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्समध्ये धारातीर्थी पडला. त्याच्या नावाची शिफारस त्याच वेळी झाली होती, पण तिच्यावर कार्यवाही झाली नाही. मूळ शिफारशीचा कागद असल्यामुळे तिच्यावर पुढे विचार होऊ शकला आणि १९९१ मध्ये त्याच्या हयात असलेल्या बहिणींच्या हाती पदक देण्यात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या बाबतीत असा आधार नव्हता. म्हणून भूसेनेने १९९३ मध्ये शॉ विद्यापीठाकडे चौकशीचे काम सोपविले. संशोधकांनी अर्ज येण्याची वाट न पाहता खालच्या दर्जाची शौर्यपदके मिळालेल्या कृष्णवर्णीय सैनिकांचे कागद तपासले, हयात साक्षीदारांना विचारले आणि पद्धतीतच पक्षपात होता असा निष्कर्ष काढला. त्यांनी दहा नावे सुचविली. रूबेन रिव्हर्स हा रणगाडा पथकातील सैनिक नोव्हेंबर १९४४ मध्ये पडला होता. आपण त्याची शिफारस केली होती असे त्याचा कंपनीप्रमुख सतत सांगत आला होता. तो कागद मात्र मिळाला नव्हता. त्याचेही नाव यादीत होते. मुदतीची अट काँग्रेसने कायद्याने शिथिल केली आणि १३ जानेवारी १९९७ रोजी सात जणांना पदके देण्यात आली. त्यांतील सहा जण मृत झाले होते. एप्रिल १९४५ मध्ये इटलीतील व्हियारेज्जोजवळ लढलेला व्हर्नन बेकर एवढाच ते स्वतःच्या हाताने स्वीकारण्यास उरला होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट होते. एकेका अर्जाचा एकेक निवाडा करणारी यंत्रणा कारकुनाची चूक उत्तम रीतीने सुधारू शकते. परंतु सबंध पद्धतीचा दोष तिच्या दृष्टीस पडत नाही, कारण तो दोष कोणत्याही एका फायलीत नसतो. तो अनेक फायली शेजारी शेजारी मांडल्यावरच दिसतो. हे काम मंडळाचे नसून इतिहासकाराचे आहे, आणि १९९३ मध्ये ते इतिहासकारांकडेच द्यावे लागले. १९९६ मध्ये काँग्रेसने मुदतबाह्य शिफारशींचा विचार सभासदाच्या विनंतीवरून करण्याची वाट कायद्याने मोकळी केली. तिचा उपयोग झाला आहे. पण १९४६ मध्ये ज्या वशिल्याच्या मार्गाला फाटा दिला होता, त्याचाच काही अंश तिच्या रूपाने परत आला, हेही नमूद केले पाहिजे.

८

सेवामुक्तिपत्रावर एखादे पदक नोंदावयाचे राहिले असेल तर मूळ पत्रकावर खाडाखोड केली जात नाही. डी. डी. २१५ या निराळ्या पत्रकावर दुरुस्ती लिहून ते मूळ पत्रकास जोडले जाते. चुकलेला कागद आणि चूक दाखविणारा कागद हे दोन्ही दफ्तरात एकत्र राहतात. प्रशासनाने सोयीसाठी स्वीकारलेली ही रीत इतिहासाच्या दृष्टीने अत्यंत मोलाची आहे. सैनिकाने काय केले याबरोबरच राज्यसंस्थेने ते केव्हा आणि किती विलंबाने मान्य केले, हेही तिच्यामुळे पुढच्या अभ्यासकास कळते.

दुरुस्तीच्या अर्जांचे निर्णय लष्करी इतिहासाचे साधन म्हणून वापरताना हे भान ठेवले पाहिजे. फेटाळलेला अर्ज म्हणजे खोटा दावा नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की, त्या नियमाला हवा असलेला कागद त्या दिवशी मिळाला नाही. मंजूर अर्जाचाही अर्थ तितकाच मर्यादित असतो. मंडळाला निर्णय देऊन प्रकरण मिटवावे लागते. इतिहासकारावर तसे बंधन नाही. म्हणूनच जेथे दफ्तर गप्प आहे तेथे त्याला कोणी गप्प केले, आगीने, घाईने की पूर्वग्रहाने, ही चौकशी मंडळाचा निकाल लागल्यावरही चालू राहिली पाहिजे.